पोराच्या तोंडची शिवी आणि शाळेचा निरोप

भातकुली तालुक्यातल्या एका गावातली गोष्ट. कापसाची वेचणी चालू होती. दुपारी बाराच्या सुमारास शाळेतला एक पोरगा धुऱ्याधुऱ्याने पळत आला आणि वेचणाऱ्या बायांना पाहून लांबूनच ओरडला, “काकू, तुमच्या पोट्ट्यानं शाळेत घाण घाण शिव्या देल्ल्या! सरनं बलावलं, आत्ताच्या आत्ता!” साऱ्या बायांनी माना वळवल्या. त्या माउलीने कमरेची ओटी सोडली, वेचलेला कापूस शेजारणीच्या हवाली केला आणि तशीच निघाली. वेचणीची मजुरी किलोवर असते. अर्धा दिवस गेला म्हणजे अर्धी चूल गेली, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

शाळेच्या कार्यालयात सर होते, आणखी दोन शिक्षक होते, खिचडी शिजवणाऱ्या बाई दारात उभ्या होत्या. सर म्हणाले, “तुमचा मुलगा अतिशय घाणेरडं बोलतो. घरी हेच शिकवता काय? वस्तीतली भाषा शाळेत चालणार नाही. पुन्हा झालं तर दाखला हातात देईन.” माउलीने एकच विचारले, “पण सर, काय म्हणलं थ्यानं?” सर म्हणाले, “ते बाईमाणसापुढं सांगता येत नाही.”

संपला निरोप. पोराने काय म्हटले, कोणाला म्हटले, कशावरून म्हटले, यातले काहीच आईला कळले नाही. तिला कळले ते इतकेच की आपली आणि आपल्या वस्तीची चारचौघांत शोभा झाली. बाप संध्याकाळी कामावरून आला, तोवर पानठेल्यावर त्याच्या कानी सारे गेलेच होते. “मास्तरनं माही इज्जत काढली” म्हणत त्याने पोराला पट्ट्याने झोडपले. आजी मध्ये पडली, “कायले मारतं रे त्याले,” म्हणून तिलाही धक्का बसला. दुसऱ्या दिवशी पोरगा शाळेत गेला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. अकरा दिवस तो शाळेच्या वाटेला फिरकला नाही. दफ्तर खुंटीला आणि पोरगा फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर कपबशा विसळायला.

हे आम्हाला कळले पौर्णिमेच्या वंदनेनंतर, विहाराच्या ओट्यावर बसलो असताना. गावाचे आणि शाळेचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही, कारण पोराला त्याच गावात मोठे व्हायचे आहे आणि सरांनाही त्याच शाळेत शिकवायचे आहे. आम्ही सरांनाही भेटलो. माणूस वाईट नाही. दोन वर्ग एका खोलीत, वर पोषण आहाराचा हिशेब, निवडणुकीची कामे. “मी सांगायचंच नाही काय मग पालकांना?” असे त्यांनी आम्हाला विचारले. रास्त प्रश्न आहे. सांगायचेच. न सांगणारी शाळा आम्हाला नको आहे. पण कसे सांगायचे, याचा विचार आपल्याकडे कोणी केलेलाच नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणात फळा कसा भरावा हे शिकवतात. आईला अवघड गोष्ट कशी सांगावी, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

त्रिपिटकातल्या मज्झिम निकायात अभय राजकुमाराची हकीकत आहे. राजगृहाचा हा राजपुत्र तथागतांना कोड्यात पकडण्यासाठी विचारतो की, दुसऱ्याला न आवडणारे बोल तुम्ही बोलता का? त्या वेळी त्याच्या मांडीवर एक तान्हे मूल होते. भगवंतांनी त्यालाच विचारले, या मुलाने खडा तोंडात घातला तर तू काय करशील? राजपुत्र म्हणाला, डाव्या हाताने डोके धरीन, उजव्या हाताचे बोट वाकवून खडा बाहेर काढीन, रक्त आले तरी काढीन, कारण मला त्याची दया येते. मग भगवंतांनी सांगितले की, जे खरे आहे आणि हिताचे आहे ते ऐकणाऱ्याला अप्रिय असले तरी तथागत बोलतात, पण बोलण्याची वेळ ओळखून बोलतात.

शिवी हा पोराच्या तोंडातला खडा आहे. तो काढायचाच. पण डोके धरून, बोट वाकवून. आमच्या सरांनी त्या दिवशी खडा काढला नाही, थोबाड फोडले. तेही स्वतःच्या हाताने नव्हे, बापाच्या हाताने.

आता आधी हे पाहू की शाळा ‘घाण भाषा’ म्हणते ती कशाला. आपल्या वऱ्हाडात दोन मित्र भेटले की “काय बे, कुठी होता?” असेच म्हणतात. अमरावती-अकोल्याच्या कोणत्याही चौकात उभे राहा, दिवसातून शंभर वेळा ‘बे’ ऐकाल. त्यात प्रेम असते. पण पुण्या-नाशकाकडून बदलून आलेल्या नव्या गुरुजींना ती शिवी वाटते. ती शिवी नाही, बोली आहे. सरांना ‘बे’ म्हणू नये इतके पोराला समजावले की काम झाले. त्यासाठी आईला शेतातून बोलावण्याची गरज नाही. शेंडगावचे गाडगेबाबा याच वऱ्हाडी बोलीत कीर्तन करीत, समोरच्याला खडसावून प्रश्न विचारीत, आणि लोक हजारोंनी ऐकत. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांनी देह ठेवला तोही इथेच, वलगावजवळ. त्यांच्या बोलीला कोणी घाण म्हणाल्याचे आम्ही ऐकले नाही. मग आमच्या पोरांच्याच बोलीला का?

आयमाय काढणारी शिवी मात्र वेगळी. ती कोणी कोणालाही दिली तरी मार बाईलाच बसतो. शिमग्याला बोंबलायची मुभा आपल्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांना दिली आणि उरलेले ३६४ दिवस मोठ्यांनी स्वतः ती मुभा घेतली, हेही खरे. आमच्या ओळखीचे एक शिकलेले गृहस्थ म्हणाले, “शिव्या तर आपल्या साहित्यातही आहेत.” आहेत. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला तेव्हा त्यातल्या भाषेला नाके मुरडणारे कमी नव्हते. पण कवीने ते शब्द, ज्या व्यवस्थेने माणसांना उकिरड्यावर टाकले तिच्या तोंडावर फेकले. सहावीतला पोरगा तेच शब्द बाकावरच्या सोबत्याच्या आईवर फेकतो. दोन्हींना एका मापाने मोजता येत नाही.

तेव्हा शिवी खरी असेल तर शाळेने सांगावे. कोणाला? आईला आणि बापाला, दोघांना. एकट्या आईला सांगितले तर ती ओझे वाहते, एकट्या बापाला सांगितले तर पट्टा निघतो. आणि निरोप दुसऱ्या पोराच्या हाती कधीही पाठवू नये. पोरगा निरोप नेत नाही, दवंडी पिटतो.

अलीकडे प्रत्येक वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो. अभ्यास, सुट्टी, शिष्यवृत्तीचे कागद यांसाठी तो चांगलाच आहे. पण त्याच ग्रुपवर “अमुक विद्यार्थी अश्लील बोलतो, पालकांनी लक्ष द्यावे” असा मजकूर टाकणारे शिक्षकही आम्ही पाहिले. चाळीस घरांत एका क्षणात बोभाटा. मुलीचे नाव असेल तर तिची शाळाच सुटायची वेळ येते, कारण आपल्याकडे मुलाने शिवी दिली तर तो ‘वांड’ ठरतो आणि मुलीने दिली तर तिचे लग्न पाहू लागतात. आमचे स्पष्ट म्हणणे आहे की, मुलाचे नाव घेऊन असला मजकूर ग्रुपवर एकदाही जाता कामा नये. फोन करावा. संध्याकाळी सातनंतर करावा, म्हणजे माणूस कामावरून घरी आलेला असतो. प्रत्यक्ष भेट हवी असेल तर शनिवारी सकाळच्या शाळेनंतर बोलवावे. सोयाबीनच्या सोंगणीत आणि कापसाच्या वेचणीत भरदुपारी बोलावणे म्हणजे पोराच्या शिवीबद्दल आईला दंड करणे झाले.

राहिला तो सर्वांत अवघड भाग. शब्द सांगायचा कसा? हा मजकूर छापताना आमचीही तीच अडचण आहे. तो शब्द आम्ही छापू शकत नाही, आणि आमच्या वाचकांना तो कळल्याने काही साधणारही नाही. पण आईला कळलाच पाहिजे. न सांगितलेला शब्द मनात मोठा होत जातो. त्या माउलीने रात्रभर काय काय कल्पिले असेल! शाळेत बाई शिक्षिका असतील तर त्यांनी आईला बाजूला घेऊन सांगावे. नसतील तर सरांनी चिठ्ठीवर लिहून, घडी घालून हातात द्यावे. वाचता येत नसेल तर सरळ म्हणावे, “त्याने सोबत्याला आईवरून शिवी दिली, मधल्या सुट्टीत, मैदानावर, आणि त्याआधी दोघांची झोंबाझोंबी झाली होती.” एवढे पुरते. यात लाजण्यासारखे काही नाही. “अतिशय घाणेरडं बोलतो” यात मात्र काहीच कळत नाही, फक्त शिक्का बसतो. आणि “घरी हेच शिकवता काय” हा प्रश्न नव्हेच, तो न्यायनिवाडा आहे. विचारायचेच तर असे विचारावे की, ताई, घरी काही ताण आहे काय, पोरगा नीट झोपतो काय, कोणासोबत फिरतो?

सांगण्याच्या आधी एक अट शिक्षकाने पालकाकडून कबूल करून घ्यावी, ती म्हणजे मारायचे नाही. शाळेत मारायला तर कायद्यानेच बंदी आहे. बालकांच्या शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ प्रमाणे शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करता येत नाही आणि मानसिक छळही करता येत नाही. चारचौघांत पोराला आणि त्याच्या आईला खाली पाहायला लावणे छळात येत नाही तर कशात येते? त्याच कायद्याचे कलम १६ सांगते की, प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. “दाखला हातात देईन” ही धमकी सहावीतल्या पोराच्या आईला देता येत नाही, हे आमच्या बायाबापड्यांनी पाठ करून ठेवावे. कोणी तसे म्हटले तर नम्रपणे म्हणावे, “सर, तसं लिहून द्या.” कोणी लिहून देत नाही.

आता त्या गोष्टीतला जो भाग आम्ही मागे ठेवला तो सांगतो. पोराला आम्ही टपरीवर जाऊन भेटलो. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला की, मैदानावर दुसऱ्या पोराने आधी त्याला जातीवरून बोलले होते. बाबासाहेबांचे नाव घेऊनही काही म्हणाला होता. तेव्हा याने आईवरून शिवी घातली. सरांनी ऐकली ती दुसरी शिवी. पहिली ऐकली नाही, की ऐकून सोडून दिली, ते सर जाणोत. त्या दुसऱ्या पोराच्या घरी कोणाचाच निरोप गेला नाही. त्याच्या आईचा अर्धा दिवस बुडाला नाही.

आमचे पोर निर्दोष होते असे आमचे म्हणणे नाही. शिवी दिली, चुकले. पण जातीचा उल्लेख करून अपमान करणे ही शाळेच्या लेखी शिवी नाही काय? शाळेने आईवरच्या शिवीबद्दल एका घरी सांगितले तर जातीवरच्या शिवीबद्दल दुसऱ्या घरी सांगितलेच पाहिजे, त्याच दिवशी आणि त्याच पद्धतीने. आणि ज्याला ती दिली गेली त्याच्या आईबापांनाही सांगितले पाहिजे. आमच्या कितीतरी जुन्या माणसांनी शाळा सोडली ती गणित येत नाही म्हणून नव्हे, वर्गातल्या एका शब्दामुळे सोडली. घरी येऊन सांगायचीही लाज वाटली त्यांना.

येथे आमच्या काही तरुण कार्यकर्त्यांशी आमचा मतभेद आहे. ते म्हणतात, सरळ पोलीस ठाणे गाठा. १९८९ चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, २०१५ ची दुरुस्ती आहे, लोकांसमोर जातीवाचक शिवीगाळ हा गुन्हा आहे. आहेच. मोठ्या माणसाने, शिक्षकाने तसे केले तर आम्हीही तुमच्यासोबत ठाण्यावर येऊ. पण अकरा-बारा वर्षांच्या पोराने ती शिवी कुठून तरी ऐकून आणलेली असते. त्याच्यासाठी आधी शाळेची वही हवी. तारीख, काय बोलले, आधी काय झाले, कोणाच्या घरी काय सांगितले, हे सारे त्या वहीत असावे. लिहिलेले असले की उद्या कोणाला नाकारता येत नाही. हे शाळेकडून करून घेण्याची जागा म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. आमच्या किती मायमाउल्या या समितीवर नावापुरत्या आहेत! अंगठा किंवा सही घेतली जाते, ठराव कोणता ते घरी आल्यावरही माहीत नसते.

एक गोष्ट मोठ्या काळजीने लिहितो. पाच-सात वर्षांचे लेकरू अचानक अंगाविषयी, मोठ्यांच्या शरीरसंबंधांविषयी असे शब्द बोलू लागले की जे त्याच्या वयाला कळायचेच नाहीत, तर ते वात्रटपणा म्हणून सोडू नका आणि मारूही नका. मोबाईलवर काही पाहिले असेल. पण कोणी त्याच्याशी वाईट वागले असण्याचीही शक्यता असते. ते लेकरू शिवी देत नसते, सांगत असते. अशा वेळी शिक्षकाने त्याच दिवशी आईशी बोलावे. घरातल्याच कोणावर संशय असेल तर कोणापाशी बोलायचे हेही जपून ठरवावे. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे असा अपराध झाल्याचे कळले किंवा तशी भीती वाटली तर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, शाळेला आणि आपल्यालाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक आहे. त्याला पैसे पडत नाहीत. बदलापूरच्या शाळेत २०२४ च्या ऑगस्टमध्ये चिमुकल्या मुलींच्या बाबतीत जे घडले त्यानंतर लोक रस्त्यावर आणि रेल्वे रुळांवर उतरले होते, ते कोण विसरेल?

आता थोडे आपल्या घराकडे. पोरगा शिवी शाळेत देतो, पण शिकतो कुठे? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यात सौंदाळा नावाचे गाव आहे. २८ नोव्हेंबर २०२४ रोजी तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की, आईबहिणीवरून शिवी देईल त्याला ५०० रुपये दंड. पोराला नव्हे, देईल त्याला, म्हणजे मोठ्यांनाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचे ठरले. दंडाने जीभ सुधारते असे आम्हाला फारसे वाटत नाही; ५०० रुपये म्हणजे काहींच्या दोन दिवसांच्या मजुरीहून जास्त. पण सौंदाळ्याच्या लोकांनी एक मान्य केले की हा प्रश्न पोरांचा नाही, गावाचा आहे. आमच्या गोष्टीतल्या बापाने पोराला मारताना ज्या शिव्या दिल्या, त्यांत पोराने शाळेत दिलेली शिवीही होती, असे आजीने आम्हाला सांगितले. हसावे की रडावे?

त्या गावात पुढे काय झाले ते सांगून थांबतो. विहारातल्या दोन-तीन जाणत्या माणसांनी बापाला समजावले, आणि आई शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला गेली. ती समितीवर नव्हती. सदस्य असलेल्या जावेसोबत गेली आणि दारापाशी बसली. तिने तिथे आपले गाऱ्हाणे मांडले नाही, फक्त विचारले की, पुढच्या वेळी कोणाच्या पोराबद्दल असे काही असले तर सर घरी येतील काय? सर थोडे गोरेमोरे झाले, पण हो म्हणाले. बाराव्या दिवशी पोरगा शाळेत गेला.

होळीनंतर पुन्हा एकदा तसेच घडले, त्याच दोन पोरांत. या वेळी सर दिवेलागणीला स्वतः आले. अंगणातच बाजेवर बसले. बाप नुकताच हातपाय धूत होता. सर म्हणाले, “भाऊ, आधी एक कबूल करा, आज मारायचं नाही. मग सांगतो.” बापाने मान हलवली. सरांनी खिशातून वही काढली आणि हळू आवाजात वाचून दाखवले. बाप काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आन्‌ सर, थ्यानं याले काय म्हणलं होतं?” सरांनी पान उलटले. तेही लिहिलेले होते. “तिकडूनच आलो आता,” सर म्हणाले, “त्यांच्या घरूनच.”